सशाच्या मानेतला फुगा आणि काकांच्या डोक्यातला फुगा

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरात नंदनवनला राहणाऱ्या एका वाचकाच्या काकांचं वय ५८. डोकं दुखतं म्हणून काढलेल्या एमआर ॲन्जिओत, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या एमआरआयमध्ये, मेंदूच्या पुढच्या बाजूच्या धमनीवर ७ मिमीचा ॲन्युरिझम, म्हणजे धमनीच्या भिंतीला आलेला फुगा, दिसला, फुटलेला नाही. न्यूरोसर्जनने पर्याय सांगितले. तेवढ्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी आली, की सशांवरच्या प्रयोगात एका नव्या उपचाराला शंभर टक्के यश मिळालं. आता काका म्हणतात, "वर्षभर थांबू, मग तेच करू." वाचकाला विचारायचं आहे की थांबावं का आणि सशात जमलेलं माणसात जमतं का. त्यांच्या शाळकरी मुलीला वेगळंच विचारायचं आहे: त्या सशांचं नंतर काय होतं?

मी पशुवैद्यक आहे, न्यूरोसर्जन नाही. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या रक्तवाहिन्यांवर शस्त्रक्रिया करण्यात माझी वीसेक वर्षं गेली, त्यातली बरीचशी नागपुरातच. त्यामुळे काकांवर कोणता उपचार करावा हे मी सांगणार नाही. पण त्या बातमीसाठी थांबू नका, हे मात्र ठामपणे सांगतो. का, ते कळायला सशात फुगा कसा तयार होतो ते बघावं लागेल.

सशाला आपणहून ॲन्युरिझम होत नाही. कुत्र्याला, डुकरालाही मेंदूत असा फुगा सहसा येत नाही. माणसांत साधारण दर शंभर प्रौढांमागे तिघांच्या डोक्यात तो असतो आणि बहुतेकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. म्हणजे उपचार तपासायचा तर आधी रोग तयार करावा लागतो. सगळी मेख इथेच आहे.

साडेतीन किलोच्या आसपासचा न्यूझीलंड व्हाइट जातीचा ससा घेतात. त्याला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवत नाहीत, कारण सशाला उलटी करता येत नाही आणि पोट रिकामं राहिलं की आतडी मंदावतात. नव्या पोरांना हे दर वेळी नव्याने सांगावं लागतं. केटामीन-झायलाझीनची भूल, कानाच्या कडेच्या शिरेत सुई, मानेवर मधोमध छेद. उजवी कॅरोटिड, म्हणजे मानेतून डोक्याकडे रक्त नेणारी धमनी, मोकळी करायची, वरच्या अंगाला बांधायची आणि खालून एक बारीक फुगेवाली नळी धमनीच्या उगमापर्यंत सरकवायची. तो बलून फुगवला की उगमाशी बूच बसतं. बूच आणि गाठ यांच्यामधल्या बंद तुकड्यात इलास्टेज सोडायचं. हे डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेलं एन्झाइम. धमनीच्या भिंतीतले लवचीक धागे ते खाऊन टाकतं. वीस मिनिटं. घड्याळ लावून. मग नळी काढायची, धमनी बांधायची, टाके घालायचे. तीन आठवड्यांनी ॲन्जिओ केला की धमनीच्या बुंध्याशी तीन-चार मिमी तोंडाची पिशवी डोलताना दिसते. माणसाच्या मेंदूतल्या लहान फुग्याएवढीच, आणि रक्ताचा झोतही तिच्यावर तसाच थेट आदळणारा.

या पद्धतीवर सर्वाधिक काम अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डेव्हिड काल्म्स यांच्या गटाने केलं. नागपूरकरांसाठी खुलासा: हे मेयो म्हणजे आपलं सेंट्रल ॲव्हेन्यूकडचं मेयो नव्हे. आपल्या इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचं जुनं नाव व्हाइसरॉय लॉर्ड मेयोवरून पडलं. तिकडचं मेयो नावाच्या डॉक्टर बापलेकांवरून. मी एकदा एका नातेवाइकाला म्हटलं, "ही पद्धत मेयोची आहे," तर तो म्हणाला, "कोणत्या वॉर्डात होते?"

कागदावर सोपी वाटते, पण ही शस्त्रक्रिया खोडी काढते. काही सशांत त्या बंद तुकड्यातूनच श्वासनलिकेला रक्त पुरवणारी एक बारीक फांदी निघते. एन्झाइम तिच्यात शिरलं तर श्वासनलिकेचं अस्तर आतून रक्ताळून सडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजऱ्याजवळ गेलं की आधी घरघर ऐकू येते. म्हणून इलास्टेज सोडण्याआधी थोडं कॉन्ट्रास्ट, म्हणजे एक्स-रेत दिसणारं द्रव्य, सोडून फांदी दिसते का हे बघायचं, आणि दिसली तर तो ससा वगळायचा. आमचा एक परिचर होता, शिकलेला फार नाही, पण त्याची नजर माझ्यापेक्षा तेज. तो सकाळी फक्त ट्रे बघायचा आणि म्हणायचा, "साहेब, तीन नंबर जेवून नाही राह्यला, लेंड्याही नाही टाकल्या यानं." ससा दुखलं तरी ओरडत नाही. पाठ कुबडी करून कोपऱ्यात बसतो, दात करकरवतो. लेंड्या कमी झाल्या म्हणजे काहीतरी बिनसलं. त्या परिचराच्या शब्दावर मी कित्येकदा वेदनाशामकाचा डोस वाढवला आहे.

आता काकांच्या डोक्यातला फुगा या पिशवीशेजारी ठेवून बघा. सशाचा फुगा तीन आठवड्यांचा, काकांचा कदाचित काही वर्षांचा. सशाचा मानेत, स्नायू आणि चरबीत टेकलेला. काकांचा मेंदूभोवतीच्या पाण्यात लटकलेला, बाहेरून कसलाही आधार नाही. मेंदूतल्या धमन्यांना मुळातच बाहेरचा लवचीक थर नसतो. ससा तरुण, निरोगी, बिडी न ओढणारा, रक्तदाब नसलेला. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे सशाचा फुगा फुटत नाही. आपण ज्या संकटाला घाबरतो, तेच संकट या मॉडेलमध्ये नाही.

मग ससा वापरायचाच कशाला? कारण त्याच्याआधीचे पर्याय आणखी फसवे होते. १९५४ पासून कुत्र्याच्या कॅरोटिडला शिरेचा तुकडा शिवून पिशवी बनवायची पद्धत आहे. डुकरातही तसंच करतात. पण डुकराची भरून येण्याची ताकद अफाट. शिवलेली पिशवी काहीही न करता काही आठवड्यांत आपोआप बुजायला लागते. अशा प्राण्यात तुम्ही प्लॅटिनम घाला, जेल घाला, नाहीतर चहाची पत्ती घाला, निकाल चांगलाच येणार! सशातला इलास्टेजचा फुगा उपचार न केल्यास दोन वर्षांपर्यंत उघडा राहिल्याचं दिसलं आहे. म्हणून तो बुजला तर श्रेय उपचाराला देता येतं. सशाचं रक्त गोठण्याची रीतही माणसाच्या जवळची आहे. वाईटांतला बरा, असं मी त्याला म्हणतो.

डुकराने फसवल्याचं उदाहरण २००० च्या दशकातलं. फुग्यात भरायच्या साध्या प्लॅटिनम कॉइलवर, म्हणजे बारीक तारेच्या गुंडाळीवर, विरघळणाऱ्या पॉलिमरचा, टाक्यांच्या धाग्यात वापरतात तसल्या पीजीएलएचा, लेप दिला. डुकरांत फुग्याच्या तोंडावर नवी ऊती झपाट्याने चढली आणि सगळे खूश झाले. त्या कॉइल बाजारात आल्या, महाग विकल्या गेल्या. मग माणसांत चिठ्ठ्या टाकून तुलना झाली, तेव्हा फुगा पुन्हा उघडण्याच्या बाबतीत त्या साध्या प्लॅटिनमपेक्षा सरस ठरल्या नाहीत. साधी प्लॅटिनम कॉइल स्वतः मात्र तग धरून राहिली. तिचे जनक गुग्लिएल्मी यांनी आधी डुकरांवर तपासली, १९९० मध्ये पहिल्या रुग्णात वापरली, १९९५ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. २००२ मध्ये २१४३ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत, फुटलेल्या फुग्यांसाठी कॉइल केलेल्यांत वर्षभराने मृत किंवा परावलंबी असणाऱ्यांचं प्रमाण २३.७ टक्के आलं, डोकं उघडून फुग्याच्या तोंडाला बाहेरून क्लिप लावलेल्यांत ३०.६ टक्के. हे उत्तर कुठल्याही प्राण्याकडून मिळालं नसतं.

पोटातल्या महाधमनीच्या फुग्याची गोष्ट तर जास्तच बोलकी आहे. डॉक्सीसायक्लिन हे आपल्याकडे कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळणारं प्रतिजैविक. उंदरांत ते महाधमनीचा फुगा रोखायचं, कारण भिंत कुरतडणाऱ्या एन्झाइमना ते अडवतं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या चाचणीचा निकाल आला: १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दोन वर्षं, आणि फुग्याच्या वाढीत फरक शून्य. त्याआधी प्रोप्रानोलोल या रक्तदाबाच्या औषधाचीही तीच गत झाली होती. टर्की कोंबड्या महाधमनी फुटून पटकन मरतात, खाद्यात प्रोप्रानोलोल मिसळलं की कमी मरतात. माणसांत दिलं तर फुगा वाढायचा थांबला नाही, उलट बऱ्याच जणांनी थकव्याने गोळीच सोडली. उंदरात आपण फुगा बनत असतानाच औषध सुरू करतो. माणूस दारात येतो तेव्हा फुगा बनून वर्षं उलटलेली असतात. घर पेटताना पाणी मारणं आणि राखेवर पाणी मारणं, एवढा तो फरक.

थोडं विषयांतर, पण विदर्भातल्या माणसाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. मेंदूत खरोखरचा फुगा तयार करण्याची पहिली गाजलेली पद्धत जपानच्या हाशिमोतो यांनी १९७८ मध्ये मांडली. पांढऱ्या उंदराची एका बाजूची कॅरोटिड बांधायची, मीठ आणि हार्मोन देऊन रक्तदाब चढवायचा आणि खाद्यात बीएपीएन नावाचं द्रव्य घालायचं. हे द्रव्य सापडतं हिवाळ्यात बंगल्यांच्या कुंपणावर फुलणाऱ्या स्वीट पीच्या बियांत. ती आपल्या भंडारा-गोंदियाकडच्या लाखोळी डाळीची सख्खी चुलत बहीण. लाखोळीतलं विष वेगळं, ते नसांवर जातं आणि पाय लुळे करतं. स्वीट पीमधलं विष कोलॅजन आणि इलास्टिनच्या धाग्यांना एकमेकांत बांधणारं एन्झाइमच बंद पाडतं, म्हणून धमनीची भिंत ढिली होते. डाळीच्या एकाच कुळात एक विष पायाला आणि एक धमनीला, हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार वेळ पचलं नव्हतं.

उंदरांवरच्या कामातूनच अलीकडची, मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट कळली. हेलसिंकीच्या गटाने पांढऱ्या उंदरांत धमनीचा तुकडा शिवून फुगे बनवले. काही तुकडे जिवंत पेशींसह, काहींतल्या पेशी साबणासारख्या रसायनाने धुऊन काढलेल्या. जिवंत भिंतीचे फुगे बुजत गेले. पेशी नसलेले वाढले आणि त्यातले काही फुटले. म्हणजे कॉइल ही नुसती परांची आहे. भिंत बांधणारे गवंडी धमनीच्या भिंतीतच हवेत. माणसाचा जुना, दाहाने पोखरलेला फुगा या दुसऱ्या जातीकडे झुकतो. सशाचा पहिल्या जातीकडे. त्या बातमीतल्या उपचाराला गवंडी आयते मिळाले होते, काकांच्या फुग्यात ते मिळतील असं धरून चालता येत नाही.

तरी सशाने काही कामं चोख केली आहेत. फ्लो डायव्हर्टर, म्हणजे फुग्याच्या तोंडावरून धमनीतच बसवायची बारीक जाळीची नळी, सशांत तपासली गेली. भीती ही होती, की जाळी बाजूच्या फांद्याही बंद करेल. म्हणून ती मुद्दाम सशाच्या पोटातल्या महाधमनीत, कण्याकडे जाणाऱ्या फांद्यांच्या तोंडावर बसवली. फांद्या उघड्या राहिल्या. २०११ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली आणि आज ती भारतातही सर्रास वापरतात. पण जाळी बसवल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी फुगा फुटण्याचे प्रकार माणसांतच पहिल्यांदा दिसले. सशाला ते दाखवता येणं शक्यच नव्हतं. त्याचा फुगा फुटतच नाही. एखादं उपकरण नळीतून सरकतं का, उघडतं का, गुठळी करतं का, शेजारची फांदी बुजवतं का, ऊती त्याला सहन करते का, एवढं सशाला विचारावं. त्यापलीकडचं त्याला विचारू नये.

आता त्या शंभर टक्क्यांकडे. बातमीची मूळ माहिती तुम्ही पाठवलीत, त्यात आठ ससे आहेत. आठही बरे झाले. छान. पण आठांत एकही अपयश नाही एवढ्यावरून खरं अपयशाचं प्रमाण तीसेक टक्क्यांपर्यंत असू शकतं. आकडेवारीचं गणित याहून जास्त खात्री देत नाही. शिवाय मी अशा निबंधात पहिल्यांदा बघतो ते शेवटी किती ससे होते हे नाही, सुरुवातीला किती होते हे. फुगा बनवताना किती मेले? फुगा नीट बनलाच नाही म्हणून किती वगळले? साधी कॉइल घातलेले, तुलनेचे ससे होते का, आणि कुठल्या सशाला काय हे चिठ्ठी टाकून ठरलं का? सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी बघणाऱ्याला कुठली पट्टी कुणाची हे माहीत होतं का? किती दिवसांनी बघितलं? सशात महिनाभरात जी ऊती जाळीवर चढते तिला माणसात कित्येक महिने, कधी वर्ष लागतं. तुमच्या बातमीत तुलनेचे ससे नाहीत आणि मुदत एक महिना आहे.

वगळलेल्या सशांबद्दल मी इतका कटकट्या का, ते सांगतो. मी तेव्हा ज्या संस्थेत होतो, तिथे एका मे महिन्यात शनिवारी दुपारी वीज गेली. जनरेटर सुरू झाला, पण तो फक्त दिवे आणि पंख्यांना जोडलेला. एसीची लाइन वेगळी. बाहेर ४५ अंश. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो कानांतून टाकतो, आणि खोली तिशी ओलांडून गेली की त्याचं काही चालत नाही. वाळ्याचा कूलर घरात ठीक, पण बंद खोलीत तो दमट हवा भरतो आणि सशाला आणखी छळतो. चौकीदाराचा फोन आला तोवर तीन तास झाले होते. सहापैकी दोन गेले. उरलेल्या चौघांचे कान हाताला चटका लागावा इतके तापलेले. आम्ही ओले फडके लावले, बर्फाच्या बाटल्या पिंजऱ्यात ठेवल्या, ते वाचले. वाद सोमवारी झाला. प्रकल्पाच्या प्रमुखांचं म्हणणं, चौघे जिवंत आहेत, फुगे शाबूत आहेत, मोजा. माझं म्हणणं, इतका ताण बसलेल्या सशाच्या रक्ताचं गोठणं नेहमीसारखं राहत नाही, आणि मोजायचं तर मेलेले दोन आणि ती दुपारही लिहा. शेवटी चौघे वगळले गेले आणि निबंधात त्या दुपारबद्दल अर्धी ओळ आली. अर्धीच. तेव्हापासून प्राणिगृहाच्या एसीला वेगळा जनरेटर असल्याशिवाय मी मार्च ते जून शस्त्रक्रिया लावत नाही.

तुमच्या मुलीला सरळ उत्तर द्या. ते ससे मारले जातात. भूल दिल्यावर औषधाचा मोठा डोस शिरेत देऊन. फुगा खरोखर बुजला की वरवर झाकला गेला, हे ॲन्जिओत कळत नाही. धमनी कापून, काचपट्टीवर बघावी लागते. त्यातही प्लॅटिनमच्या तारा सूक्ष्म काप घेणाऱ्या पात्याला दाद देत नाहीत, पातं बोथट होतं. म्हणून तुकडा कडक राळेत बसवून घासावा लागतो किंवा तारेचे कण भिंगाखाली एकेक वेचावे लागतात. आमच्याकडे या कामाला एक मुलगी होती, ती दुपारचं जेवण टाळून एका बैठकीत एक फुगा संपवायची, कारण उठलं की हात बदलतो म्हणे.

हे वाटेल तसं करता येत नाही, तेही तिला सांगा. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे, १९९८ चे नियम आहेत, केंद्राची समिती आहे. सशावरच्या प्रयोगाला संस्थेची प्राणी नीतिसमिती परवानगी देते. कुत्रा किंवा माकड असेल तर कागद दिल्लीला जातो. नीतिसमितीत एक सदस्य विज्ञानाबाहेरचा, सामाजिक जाण असलेला असावा लागतो. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका होत्या. मी दहा ससे मागितले तर त्यांनी विचारलं, "आठात का नाही भागत?" मी गणित मांडलं: तुलनेला चार, उपचाराला सहा. त्या म्हणाल्या, "मग तुलनेचे चार मागच्या प्रकल्पातले का नाही चालणार?" तेव्हा मला राग आला होता. घरी येऊन विचार केला तर प्रश्न बरोबर होता, फक्त उत्तर नाही असं होतं: मागचे ससे दुसऱ्या ऋतूत, दुसऱ्या हाताने केलेले. पुढच्या बैठकीत ते लिहून दिलं, त्यांनी सही केली.

काकांसाठी आता. ७ मिमी हा आकडा डॉक्टरांना विचार करायला लावणारा असतो, कारण फुगा नेमका कुठे आहे यावर धोका पालटतो. २००३ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ७ ते १२ मिमीचे पुढच्या बाजूचे फुगे पाच वर्षांत २.६ टक्के फुटले, मागच्या बाजूचे १४.५ टक्के, आणि त्या मागच्या गटात, एरवी पुढच्या बाजूची मानली जाणारी पोस्टीरियर कम्युनिकेटिंग धमनीही धरली होती. "पुढच्या बाजूला" एवढ्यावर थांबू नका, धमनीचं नाव विचारा. क्लिप, कॉइल की जाळी, की नुसती नजर ठेवायची, हे त्यांच्या न्यूरोसर्जनने आणि मांडीतून तार घालून उपचार करणाऱ्या डॉक्टरने एकत्र बसून ठरवावं. नजर ठेवायचं ठरलं तर ठरलं. पण सशाच्या बातमीची वाट बघण्याशी त्याचा काही संबंध नाही. बिडी आजपासून बंद, रक्तदाबाची गोळी रोज. खर्राही सोडायला लावा, निकोटीन रक्तदाब चढवतं एवढं कारण पुरे आहे.

दुसरं मत घ्यायला जाल तेव्हा नुसता रिपोर्ट नेऊ नका, एमआरआयची सीडी न्या. आणि काकांचा चार-पाच वर्षांपूर्वीचा डोक्याचा काही जुना स्कॅन कपाटात असेल तर तोही शोधा. फुगा तेव्हा किती होता हे त्यात दिसू शकेल.